जमनाची तीट

ओंकार, तो मोबाईल पालथा घाल आधी. तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकतात होय रे? आणि ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या. हे कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही, आपल्या झाईच्या जतीनचं आहे. त्याच्या वाडीतले चिकू तुम्ही सगळ्यांनी चोरून खाल्लेत.

साल दोन हजार सतरा. ओखी वादळ येऊन गेलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार. रात्रीचे साडेआठ. अमावस्या तोंडावर आलेली, त्यामुळे बाहेर मिट्ट काळोख. जतीन मोटारसायकल काढून झरीला निघाला होता, जमनाला आणायला.

जमना म्हणजे बाळ-बाळंतिणीचं अंग चोळणारी. जतीनची भाची मयुरा तान्ही होती तेव्हा जमनानेच तिला न्हाऊ-माखू घातलं. अंघोळ झाली की कपाळाला तीट लावायची, आणि डाव्या तळपायाला काजळाचा ठिपका. म्हणायची, "नजर पायातून चढते."

तीच मयुरा त्या साली चौदा वर्षांची. पावसाळ्यापासून पाठ दुखायची, रात्री जास्त. मग डावा पाय बधिर झाला. चप्पल निसटून पडली तरी पोरीला पत्ता नाही! वापीचे डॉक्टर म्हणाले, "मणक्यात गाठ असू शकते. मुंबईला न्या, उशीर करू नका. आणि पाठ कुणाकडून चोळून घेऊ नका."

असू शकते. आता माणूस त्यातलं आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. मयुराची आई, हिरकणीताई, म्हणाली, "म्हणजे नसेलही. पोर झोपाळ्यावरून पडली होती, शीर चढली असेल. जमना एकदा पाठ दाबून शीर उतरवेल." आणि जतीन? त्याला सगळं कळत होतं. पण गाठ या शब्दाची त्याला इतकी भीती बसली होती, की तोही म्हणाला, जाऊ दे, बघू तरी.

झरीच्या अलीकडे ताडाची झाडं आहेत ना, तिथे गाडीच्या दिव्याच्या उजेडात एक बाई दिसली. हातात तेलाची बाटली. जमनाच!

"अगं, तुलाच न्यायला आलोय."

"ठाव हाय," ती म्हणाली, आणि मागे बसली.

जतीनला हायसं वाटलं. मयुराचं सगळं तो तिला सांगत सुटला. मागून हूं नाही की चूं नाही. पुढे खड्डा आला. दोघं बसलेली गाडी खड्ड्यात कशी दबते? तशी ती दबलीच नाही. हलकीच उडाली... एकट्याची उडते तशी.

"जमना?"

...

"जमना, बसलीयेस ना गं?"

मग त्याच्या पाठीला बोट लागलं. मधोमध. गार. सदऱ्यातून आत गेल्यासारखं गार.

"हितं हात लावायचा नाय." कानाशी आवाज आला. "मी पण नाय. कुणीच नाय."

जतीनने मागे बघितलं नाही. वाडीचं फाटक आलं. गाडी थांबली.

मागे कुणी नव्हतं.

ओट्यावर ताई उभी होती, कानाला फोन धरून, चेहरा पांढराफटक. जमनाच्या मुलाचा, सुक्याचा फोन होता. जमना सकाळी गेली होती. दुपारीच तिला माती दिली.



तेवढ्यात आतून मयुरा हसली. महिनाभर न हसलेली पोर, खळखळून हसली!

"आई, पायाला गुदगुल्या कोण करतंय गं?"

ताई धावली. खोलीत मयुरा एकटीच. खिडकी बंद. पोरीच्या डाव्या तळपायाला काजळाचा ठिपका, शेंगदाण्याएवढा, ओला. घरात काजळाची डबी नव्हती, कितीतरी वर्षं.

जतीनने खाली बसून ताईला सगळं सांगितलं. ताई खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सकाळी मुंबईला निघायचं. कुणी पाठीला हात लावू नका माझ्या पोरीच्या."

गाठच होती. ऑपरेशन करून काढली. डॉक्टर म्हणाले, पाठ रगडली असती तर पोर कायमची अंथरुणाला खिळली असती.

आता चालते ती, डावा पाय ओढत. तुम्ही बघताच की. त्या तळव्याला अजून काही कळत नाही. तपासणीला गेली की डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि सुई टोचत जातात. इथे? नाही. इथे? नाही. पण एका जागी सुई लागली रे लागली, की "आई गं!" म्हणून पाय मागे घेते. शेंगदाण्याएवढी जागा.

काजळ तर केव्हाच धुऊन गेलंय.