दुसरा कप

गोष्ट एकोणीसशे बहात्तर सालची. शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या कानांत सारखं गुणगुणायला लागलं, घर गरगर फिरू लागलं आणि त्यांनी थेट सुनेवर आळ घेतला. "ही माझ्या चहात काहीतरी घालते!"

सुनेने माहेरी जायला ट्रंक भरली. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मास्तरांना गाठलं. मास्तर पूर्वी रसायनशास्त्र शिकवत, आता खाजगी तपास करत. सोबत त्यांचा मित्र, फोटोग्राफर.

"डॉक्टर काय म्हणाले?" मास्तरांनी घरी येऊन काकूंना विचारलं.

"कान साफ, रक्तदाब ठीक. गुडघ्याच्या गोळ्या किती घेता, विचारलं. सकाळ-संध्याकाळ एकेक घेते. मध्ये बहिणीकडे राहिले, तर कान कसे गप्प! घरी आले की सुरू. आता बोला!"

सून दारातूनच म्हणाली, "चहा त्याच करतात हो. सासरे गेल्यापासून मला ओट्यालाही शिवू देत नाहीत."

फोटोग्राफर खिडकीपाशी थबकला. "मास्तर, दोन कप! कोणीतरी चोरून येतं. आणि बशीत पांढरी भुकटी! विष!"

"एका कपावरची साय मोडलेलीसुद्धा नाही. चोर चहा सोडून जाईल?" मास्तरांनी भुकटी जिभेला लावली. "आंबट."

ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन आले.

"काकू, दर महिन्याला काकांच्या नावाची दोन पाकिटं अजूनही येतात. त्या गोळ्या कोण घेतं?"

काकूंनी ती बशी जवळ ओढली.

"ते गोळीला तोंड वाकडं करायचे. आधी तू घे, म्हणायचे. अजून त्यांचा कप भरते, बशीत गोळ्या ठेवते. चहा मोरीत ओतते. पण गोळ्या... त्यांच्या आहेत हो. फेकवत नाहीत, मग मीच घेते."

"औषध दोघांचं एकच, ही भुकटी त्याच गोळ्यांची. काकांना संधिवातासाठी मूठभर लागायच्या, त्यावर तुमच्या. हे जास्त झालं की कान वाजतात, डोकं फिरतं. बहिणीकडे तुम्ही फक्त तुमच्या गोळ्या नेल्यात."

"पण डॉक्टरांना मी खरं तेच सांगितलं!"

"खरंच. काकांच्या गोळ्या आपल्यात धरायचं तुमच्या मनातही आलं नाही."

सून आत आली आणि तिने तो दुसरा कप उचलला.

"अगं, गार झालाय," काकू पुटपुटल्या.

"चालतो मला."

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, कान निवले. मास्तर पुढे मुलीकडे राहायला गेले. फोटोग्राफर कुठेही दोन कप दिसले की विष हुंगायचा. काकू बरीच वर्षं जगल्या. गुणगुण गेल्यावर घर फारच गप्प झालं, म्हणायच्या. म्हणून सून सकाळी भांडी जरा जास्तच वाजवायची.