बारा टक्के ओलावा

विश्राम नारायण तामोरे, वय वर्षे अडुसष्ट, राहणार मुरबे. बोईसरजवळ टाकाऊ लाकूड जाळून वीज निर्माण करणारे एक लहानसे केंद्र आहे. त्याच्या फाटकावर ते नऊ वर्षे लाकूड तपासत होते. ट्रक आला की ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या दोन सुया लाकडात रोवायच्या, आकडा वहीत लिहायचा आणि ओला माल परत धाडायचा. होडीचे लाकूड तर कधीच आत घ्यायचे नाही, कारण त्यातले मीठ बॉयलरच्या नळ्या खाते. शाळा चौथीतच सुटलेल्या विश्रामरावांनी वाचनालयातल्या पुस्तकांवर आपले शहाणपण उभे केले होते, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांचा धाकटा भाऊ शांताराम अकरा वर्षांपूर्वी समुद्रावर गेला. होडी परत आली. तो आला नाही. किनाऱ्याला लागताच होडीच्या फळीवर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकायची त्याची सवय होती. ते ऐकून त्याची बायको मंगला टोपली घेऊन धावत जाई. ती होडी तिने वाळूवर तशीच ठेवली होती. सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्याला कायदा मृत मानतो, असे एकाच घरात राहणाऱ्या या थोरल्या दिराने तिला किती वेळा समजावले असेल. तिचे उत्तर एकच असे.

"भावजी, ते आले नि होडी नाय दिसली, त लागतील कुठं?"

गेल्या मार्गशीर्षात ती बहिणीकडे दातिवऱ्याला गेली, तेव्हा विश्रामरावांनी होडी फोडून लाकडाच्या ठेकेदाराकडे सोपवली. इतक्या वर्षांत मीठ उरले नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तिचे भले होईल, असेही त्यांना खरोखर वाटत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लाकूड फाटकावर आले. ट्रकचालक प्रीतम हसत म्हणाला, "क्या काका, आज घर का माल है, तो सब पास?"

होडीच्या पुढच्या टोकाच्या फळीत विश्रामरावांनी सुया रोवल्या. अकरा उन्हाळे तापलेली ती फळी. यंत्राने मात्र साठचा आकडा दाखवला. सुया उपसताच दोन्ही छिद्रांतून पाणी झिरपले. त्यांनी ते पाणी बोटाने जिभेला लावले. खारे, आणि भर उन्हात गार.

ट्रक अजूनही परत फिरवता आला असता. परंतु मग आपण चुकलो, हे मंगलाला सांगावे लागले असते. त्यांनी वहीत लिहिले: आंब्याचे लाकूड, ओलावा बारा टक्के. नऊ वर्षांतला तो एकमेव खोटा आकडा.

लाकडाचे बारीक तुकडे होऊन पट्ट्यावरून भट्टीत गेले. चार वाजता भट्टीवरच्या अक्षयने त्यांना बोलावून घेतले. आत जाळ दिसत होता, तरी जवळ उभे राहून धग लागत नव्हती. मासेमारीच्या ओल्या जाळ्यांचा वास मात्र येत होता.

"काका... आतून कोण ठोकतंय?"

जाळाच्या घुमण्यातून लाकडावर पेरे आपटल्याचा आवाज आला. तीनदा. थोडे थांबून पुन्हा तीनदा. मग आणखी सावकाश, कोणीच येत नसल्याचे कळू लागलेल्या माणसासारखा. निदान नावाने हाक मारावी, असे विश्रामरावांच्या अगदी ओठांशी आले. पण अक्षय शेजारी उभा होता. आपल्यासारख्या वाचलेल्या माणसाने भट्टीशी बोलावे, याची त्यांना लाज वाटली. चौथ्या वेळी आवाज आला नाही.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा मंगला परतली होती. रिकामी टोपली मांडीवर घेऊन ती दिव्याखाली बसली होती.

"चार वाजता हा दिवा तीनदा लागला, तीनदा विझला," ती वर पाहत हळूच म्हणाली. "बटण बंद हाय. मी टोपली घेऊन धावले, भावजी... वाळूवर कायच नव्हतं."

विश्रामरावांनी नोकरी सोडली. घराची वीज तोडून घेतली, दिवाही काढून टाकला. तरी रोज चार वाजता रिकाम्या होल्डरमधून खाऱ्या पाण्याचे तीन थेंब पडतात. मंगला टोपली घेऊन त्याखाली बसते. विश्रामरावांशी ती बोलत नाही.