हिरडमाळच्या माश्या

येसूबाई ढेबेंनी हिरडमाळच्या मधाची बरणी टेबलावर अशी आदळली, की प्रयोगशाळेतलं विष शोधणारं रेणूचाळणी यंत्रसुद्धा दचकलं असावं.

"सावकाश, आजी," डॉ. हेरवाडकर म्हणाले.

"चाळीस वर्षं सावकाशच चाललंय तुमचं."

सन २०४४ मध्ये कारखान्याचं विष सांडलं, तेव्हा हिरडमाळ रिकामं करून भोवती तार ओढली. माणसं वीस किलोमीटर खाली, मिरचीच्या मळ्यांमध्ये, पत्र्याच्या घरांत नेऊन टाकली. दयेची घरं ती. उन्हात तापायची, पावसात गळायची. आता तपासणीत विष निघालं, तर अख्खं गाव सिमेंटखाली कायमचं गाडायचं, असं ठरलं होतं.

पडद्यावर मधाचे आकडे उमटले. शिसं नाही. कॅडमियम नाही. कीटकनाशक नाही.

"झालं तर! उघडा फाटक."

"एवढ्यावर नाही उघडता येत," डॉ. मृदुला तांडेल म्हणाल्या. "माशी मकरंद गाळून घेते. जड धातू तिच्या अंगात साठतात, मधात फारसे उतरत नाहीत. मध निर्मळ असला, म्हणून जमीन निर्मळ ठरत नाही."

"म्हणजे पोरांना गोड आणि विष आपल्या पोटात? आईच की ती! मग तिलाच तपासा."

तपासायचं तेच होतं. तपासणीपुरत्या तारेच्या आत ठेवलेल्या पेटीतल्या माश्या एका नळीत, आणि ताळा पाहायला येसूबाईंच्या दारातल्या पेटीतल्या दुसऱ्या नळीत. सातेरी जातीची मधमाशी दीड-दोन किलोमीटरांपलीकडे जात नाही. जिथली पेटी, तिथलीच साक्ष.

एक नळी निर्मळ निघाली. दुसरीत कॅडमियम आणि चार कीटकनाशकं.

हेरवाडकरांनी मान खाली घातली. "वाईट वाटतं, आजी."

"सर, नळीचा क्रमांक बघा," तांडेल हळूच म्हणाल्या. "विषारी माश्या आजींच्या दारातल्या आहेत."

हेरवाडकरांनी दोन्ही नळ्या उचलून क्रमांक पुन्हा वाचले.

"मळ्यात खतातून कॅडमियम येत राहिलं, फवारणी थांबली नाही," तांडेल म्हणाल्या. "वर हिरडमाळात मात्र चाळीस वर्षं ना शेती झाली, ना फवारणी. जुनं विष विरलं, कुजलेल्या पाल्यानं धातू बांधून ठेवले."

येसूबाई खुर्चीत बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग हसू आलं त्यांना, मोठ्यानं.

"महिनाअखेरपर्यंत... नाही, या आठवड्यातच तार काढायला माणसं पाठवतो," हेरवाडकर गडबडून म्हणाले.

"खबरदार! तार राहू द्या," येसूबाई म्हणाल्या. "आम्हाला आत सोडा, आणि फाटकाला आतून कडी बसवून द्या."