टँकरसोबत एक झकास फोटो

"अरे, खोदत राहा ना! खांबासारखे उभे काय राहता?" रोजगार हमीच्या कामावर लिंबाजीमामा कॅमेऱ्यामागून ओरडले.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. गाव बदलत होतं, ते टिपून ठेवायची रेणापूरच्या या मास्तरांना भारी हौस! पण कॅमेरा दिसला की बाया टोपली टाकून पदर सारखा करीत, गडी टोपी घालून ताठ उभे राहत. रोलमधल्या बारापैकी अकरा फोटो असेच वाया!

त्यांची भाची पंचशीला त्यांच्याहून वैतागली होती. तीन दिवस वस्तीच्या हौदात थेंब नव्हता. लांबून पाणी आणताना तिची आई, भामाबाई, काल भोवळ येऊन पडली. आणि सरपंच शेषेराव म्हणे, "टँकर रोज येतो!"

"पंचे, हे बघ!" तिचा वर्गमित्र व्यंकटी धुळीत वाकला. गळक्या टँकरच्या थेंबांची ओळ वस्तीकडं न जाता भलतीकडंच वळली होती.

दोघं आणि त्याची छोटी बहीण सिंधू त्या ओळीमागं पळाली. थेट ग्यानोबाच्या वीटभट्टीवर! टँकरचं पाणी भट्टीच्या टाक्यात धो धो पडत होतं.

पोरं सरपंचांकडं सांगायला धावली, तर त्यांनी हाकललं. "आधी पुरावा आणा!"

पंचशीलाचं डोकंच फिरलं. "मामा, शेवटचा फोटो मला द्या!"

"चोर फोटो काढू देतील होय गं?"

"हाव! विचारून तर बघते!"

दुसऱ्या दिवशी तिनं भट्टीवर सरळ विचारलं, "काका, तुमचा टँकरसंगं फोटू काढू? लातूरच्या कलेक्टरसाहेबांना दाखवायचाय!"

"साहेबांना? थांब की!" ड्रायव्हर मलप्पानं भांग पाडला. ग्यानोबानं घरून फेटा मागवला. टँकरवरच्या 'पिण्याचे पाणी' या अक्षरांशेजारी दोघं छाती काढून उभे राहिले. मागं पाइप वाहतच होता!

"पाइप बंद करू का?" मलप्पानं विचारलं.

"नगं, हलू नका!" व्यंकटी घाईनं म्हणाला.

खट्!

मामांनी फोटो धुवून आणला आणि पोरांनी तो खरंच लातूरला नेऊन साहेबांपुढं ठेवला. तिसऱ्या दिवशी टँकर वस्तीत आला. सोबत साहेब आणि मान खाली घातलेले शेषेराव.

"शाबास मास्तर!" साहेब म्हणाले.

"मी न्हाई साहेब, मी नकोच म्हणत होतो. डोकं हिचं, बोटही हिचंच," मामा म्हणाले.

"पोरींनो, पोरांनो, चुकलं आमचं," शेषेराव पुटपुटले.

पंचशीला अजून फुगलेलीच होती. "आठवडाभर उशिरानं!" ती फणकारली.

भामाबाईनं पहिला तांब्या भरला. कुणाला वाटलं, साहेबांना देणार. तिनं तो लेकीच्या तोंडाला लावला.

"आधी तू पी, माय."