छकुलीने वाटी चाटली!

"ताई, हिने वाटी चाटून पुसून साफ केली!" भिंग्या ओरडला. जाड भिंगांचा चष्मा म्हणून हे नाव.

"बरंच झालं की. गेल्या सुट्टीत हाच काढा तिने माझ्या अंगावर ओतला होता!"

"तेच म्हणतोय मी! कुड्याच्या कडूजहर सालीचा काढा कुणी चाटतं का?"

ताई दचकली. हगवणीने तीन दिवसांत पाच वर्षांच्या छकुलीचे डोळे खोल गेले होते. तिची आई, म्हणजे या दोघांची वैद्य आत्या, कालपासून वसतिगृहात अडकली होती. तिथे तीस मुलं अशीच आजारी होती, आणि चार वाजता हगवणीवरचा हाच काढा आत्याच्या औषधांच्या कारखान्यातून त्यांच्याकडे निघणार होता.

घड्याळात पावणेचार!

"मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने देत राहा हं!" असं शेजारच्या काकूंना सांगून ताईने उरलेला काढा थर्मासमध्ये भरला आणि दोघं आत्याच्या कारखान्याकडे धावत सुटले.

कोठीत ताज्या रंगाचा वास कोंडला होता. बाहेर बाटल्यांची खोकी गाडीत चढत होती.

"काका, गाडी थांबवा! काढा कडू नाहीये!"

"घ्या! पोरं गोड मागतात, तुम्ही कडू मागताय?" कोठीवाले काका हसले. "पळा, खेळा जा."

भिंग्या पोत्यांजवळ वाकला. शेजारीशेजारी दोन पोती, दोन्हींत तपकिरी साली, दिसायला अगदी जुळ्या. "काका, भिंतीला रंग देताना तिथल्या सालींच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या?"

"काढल्या, परत लावल्या. वीस वर्षं झाली मला इथे! नुसत्या नजरेने साल ओळखतो."

"चाखून नाही पाहिलीत?"

"छे बाबा! कडू म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो."

भिंग्याने तुकडा उचलताच ताईने त्याच्या हातावर चापट मारली. "अनोळखी साल तोंडात घालायची नाही! विसरलास?"

बाहेर हॉर्न वाजला. एकदा. दोनदा. ताईने घाईघाईने थर्मास उघडला.

"काका, दमलात ना? हे घ्या."

"चहा? गुणाची गं पोर!" काकांनी एका दमात पेला रिकामा केला. "फिक्का आहे जरा. साखर विसरलीस वाटतं."

"चहा नाही, काका. तुम्हीच छकुलीसाठी पाठवलेला कुड्याचा काढा!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी ते गाडीमागे धावत होते, "थांब रे! थांब!"

निरोप मिळताच आत्या धावत आली. तिने साल मोडली, हुंगली, जिभेला टेकवली. "दुसऱ्याच झाडाची! विषारी नाही, पण आपल्या कामाचीही नाही. पोरांनो, तुम्ही नसता तर मी तीस मुलांना नुसतं पाणीच पाजत बसले असते!"

"चुकलं माझं," काका पुटपुटले. "यापुढे प्रत्येक काढा आधी मी चाखणार." नव्या काढ्याचा पहिला चमचा त्यांनी घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं!

साडेपाचला गाडी सुटली. आत्याने घरी येऊन छकुलीच्या तोंडाला वाटी लावली. सगळे श्वास रोखून बघत राहिले.

"थू! घाण! नक्को!" छकुलीने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं.

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच आत्या खळखळून हसली.