अकरा सामन्यांचा घाम

दोरीवर टोपी टपटप गळत होती, आणि तिच्यासमोर एक उंच माणूस सुतकी चेहऱ्यानं उभा होता.

“ही कुणी धुतली?”

“मी,” योकास्ता म्हणाली. मावशीचे गुडघे धरले होते, म्हणून बेसबॉल संघाचे कपडे धुवायला आज ती आली होती. “केवढी मळलेली! मिठाचे नुसते थर.”

“बाई गं... ते अकरा सामने होते!”

तिनं जीभ चावली. सान पेद्रो गावात शेंबडं पोरही जाणतं, की चेंडू फेकणाऱ्या पिचरचा हात जमलेला असेतो त्याच्या टोपीला पाणी दाखवायचं नसतं. हा एलिसेर, राखीव पिचर. सामना अडकला की शेवटी बोलावतात तो. अकरा वेळा आला होता, एकदाही धाव दिली नव्हती. पण कोपरावर टाक्यांचा लांब व्रण... एक वाईट दिवस, आणि संघ घरी बसवेल, ही धास्ती त्याच्या डोळ्यांतच होती.

“आज फटके खाल्ले, तर तुला तोंड दाखवणार नाही!” त्यानं ओली टोपी डोक्यावर चढवली.

“आणि नाही खाल्लेस तर?”

“तर... तर बघू.” एक थेंब त्याच्या नाकावरून ओघळला. ती हसली. त्यालाही हसू आलं, पण त्यानं ते गिळलं.

दुपारी ती कुंपणाच्या जाळीशी जाऊन बसली. राखीव पिचरांच्या बाकाशी फोन वाजला, एलिसेर उठला, हात मोकळा करायला दहा चेंडू फेकले. पलीकडून प्रशिक्षकाचा हात हलला—बस खाली. पुन्हा फोन. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तिचाही जीव त्याच्याबरोबर उठत-बसत होता.

“काही खाल्लंस का?” तिनं जाळीतून तळलेल्या केळ्याचा काप पुढे केला.

“सगळं लक्ष फोनकडे आहे.”

“माझंही. अर्धा अर्धा खाऊ.”

त्यानं घेतला. बोटं तेलकट झाली म्हणून ती जाळीतून तिच्या ॲप्रनला पुसली, आणि दोघंही गडबडले. तेवढ्यात तिसऱ्यांदा फोन वाजला.

शेवटचा डाव, एका धावेची आघाडी; एलिसेर फेकायला उतरला. पहिले दोघे बाद झाले. तिसऱ्याला चार चेंडू बाहेर पडले, म्हणून तो फुकटात चालत पहिल्या बेसवर गेला. मग पुढच्याच्या बॅटवर चेंडू कडाडला आणि माडांच्याही पलीकडे गेला. दोन धावा, सामना हातचा गेला.

एलिसेरनं टोपी काढली. जाळीकडे पाहिलंही नाही.

रात्रभर तिला झोप नाही. सकाळी ती साबण लावायची, खिडकीशी जायची, परत यायची. मावशी इथं असती तर म्हणाली असती, पोरी, नळाखालची घागर कधीची उतू चाललीय.

“झाली का गं धुलाई?”

दारात तो. हातात टोपी.

“तोंड दाखवणार नव्हतास ना?”

“कालचं विसरणं, हाच तर आमचा धंदा.”

“संघानं काढलं?”

“ठेवलं. म्हणाले, कधीतरी हे व्हायचंच होतं. रात्री मीही शांत झोपलो... बऱ्याच दिवसांनी.”

“म्हणजे सगळंच विसरलास?”

“साबणाचा वास सोडून.” तो घुटमळला. काल बाकावर उठत-बसत होता, तसाच. पण या वेळी कुणी हात हलवून थांबवलं नाही. त्यानं टोपी पुढे केली. “ही धुशील? रोज?”

तिनं ती घेतली. धुतली मात्र नाही. आपल्याच डोक्यावर घातली.

“आधी आज जिंकून ये!”