बारीक पांढरी गोळी

मास्तरांच्या भाचीला पोलिसांनी तिच्या कामाच्या घरून भर दुपारी नेलं. नेलं तेही गुपचूप नाही. जिना उतरताना फौजदार खड्या आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्याच्या जिवावर उठली होती ही!" आणि चारही मजल्यांची दारं उघडली.

भाची परिचारिका. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करायची. लोक घरातलं म्हातारं माणूस डोळे मिटून तिच्या हाती सोपवत, त्यावर तिचं पोट चाललं होतं. त्या विश्वासाचाच फौजदारांनी जिन्यात चुराडा केला.

मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. आवाज मोठा, डोकं जरा सावकाश चालणारं. ते तडक घारूताईंकडे गेले. घाऱ्या डोळ्यांमुळे पडलेलं हे नाव; धंदा खासगी तपासाचा. एरवी मास्तर सोबती म्हणून त्यांच्यामागे हिंडत. आज ते अशील होते.

"ताई, पोरीला आयुष्यातून उठवली हो त्यांनी!"

"ओरडा नंतर. आधी चपला घाला, चौकीवर जाऊ."

चौकीत भाची बाकावर ताठ बसली होती. डोळे लाल, पण रडून नव्हे.

"आठवड्याच्या गोळ्या मी डबीच्या कप्प्यांत भरून ठेवते," ती म्हणाली. "सकाळी आणि संध्याकाळी माझ्या हाताने आजोबांच्या तळहातावर ठेवते. एक वेळ चुकलेली नाही. आणि हे म्हणतात, रक्तदाब वाढला म्हणजे मी गोळ्या दिल्याच नाहीत!"

आजोबा म्हणजे एके काळचे नावाजलेले क्लॅरिनेटवादक. रविवारी त्यांचा कार्यक्रम होता, कित्येक वर्षांनी.

"या आठवड्यात त्यांच्यात काही वेगळं दिसलं?" घारूताईंनी विचारलं.

"उलट बरे वाटत होते. एरवी तोंड सारखं सुकायचं, गोळी गिळायला दोन पेले पाणी लागायचं. परवा पाण्याचा घोट न घेता गिळली. मला म्हणाले, 'पोरी, तोंड गोड झालं बघ.' खुशीत होते कार्यक्रमाच्या."

"आणि मग?"

"काल घाम सुटला, हात थरथरायला लागले. रक्तदाब बघावा तर मशीन दुरुस्तीला गेलेलं. त्यांच्या मुलाला सांगितलं, तर म्हणाले, कार्यक्रमाची धास्ती असेल. आज सकाळी डोकं धरून कोसळले."

"पोरी, तूच का नाही गेलीस डॉक्टरांकडे?" मास्तर कळवळून म्हणाले.

"मामा, मुलगा म्हणाला मी फोन करतो. पोटचा मुलगा. त्याच्यावर विश्वास नको ठेवायला?"

घारूताई उठल्या आणि मास्तरांना घेऊन इस्पितळाकडे निघाल्या.

डॉक्टर इस्पितळाच्या व्हरांड्यात भेटले, थकलेले आणि वैतागलेले. "आणलं तेव्हा रक्तदाब आभाळाला टेकला होता. शिरेतून औषध देऊन बेताबेताने उतरवतोय. धाडकन उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडतं. तसाही मेंदूत रक्तस्राव झालाय. उजवं अंग गेलं. जगतील बहुतेक, पण ओठ वाकडे झालेत."

"त्यांच्या मुलाने तुम्हाला काल फोन केला होता?"

"कुणाचाही फोन नाही."

"त्यांच्या औषधांतलं एखादं एकदम बंद पडलं, तर असं होतं?"

"एक गोळी आहे तशी. टप्प्याटप्प्याने कमी करत सोडावी लागते, नाहीतर दाबून धरलेला रक्तदाब उसळून वर येतो. त्या गोळीने तोंड वाळतं म्हणून मुलगा आणि मुलगी दोघंही ती सोडवा म्हणून मागे लागले होते. मी दोघांनाही दम भरला होता."

"तीच चुकली असेल, असं आज कुणाला बोललात?"

"नाही. पोलिसांनाही इतकंच म्हणालो की औषधात काहीतरी गडबड दिसते. कुठल्या औषधात, हे कुणी विचारलंच नाही."

"बाईमाणूस पकडलं की प्रश्न संपतात," घारूताई म्हणाल्या.

आजोबांच्या घरी मुलीने दार उघडलं. तीही चिडलेलीच. चहा टाकता टाकता बोलत होती, "माझा त्या कार्यक्रमाला पहिल्यापासून विरोध होता. बाबांनाच नको होता. म्हणायचे, या कोरड्या तोंडाने क्लॅरिनेटची पट्टी, ती रीड, भिजत नाही, सूर कुठून काढू? पण ऐकतो कोण!" तिने स्वतःच्या कपावर साखरेऐवजी घ्यायच्या गोळ्यांची डबी दाबली. एक दाणा पडला, दुसरा पडेना. "आता ही संपली कशी? परवा तर वीसेक गोळ्या होत्या. या घरात मधुमेह मला एकटीला!" तिने डबी कचऱ्यात भिरकावली.

"बिनसाखरेचा चालेल मला," मास्तर पुटपुटले. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना काहीतरी चुकल्यासारखं झालं.

मुलगा दिवाणखान्यात फोनवर कार्यक्रम पुढे ढकलत होता. सभागृह त्यानेच घेतलेलं, तिकिटं त्यानेच खपवलेली.

"त्या बाईला सोडू नका," तो म्हणाला. "बाबांची ती बारीक पांढरी गोळी तिने दिलीच नसणार. या घरात सगळ्यावर लक्ष मीच ठेवायचं. मशीन दुरुस्तीला द्यायचं तेही मीच."

मास्तरांची मूठ वळली. ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "गोळ्यांची डबी कुठाय?"

"खोलीतच. फौजदारांनी फक्त तिला नेलं."

"वा!" ताई म्हणाल्या. "पुरावा घरी ठेवला आणि माणूस नेलं. मास्तर, फौजदारांना बोलावून आणा."

फौजदार कुरकुरत आले. सगळे आजोबांच्या खोलीत जमले. पलंग रिकामा होता, उशीला अजून खळगा होता. घारूताईंनी डबीतला उद्याचा कप्पा उघडून गोळ्या बशीत ओतल्या. दोन मोठ्या, एक बारीक पांढरी. ती बारीक त्यांनी पाण्याच्या पेल्यात टाकली. गोळी फसफसत बुडबुडे सोडत पार विरघळून गेली.

"फौजदारसाहेब, एक घोट घ्या."

"मी? विष असलं तर?"

"तर निदान तपासाला सुरुवात होईल."

फौजदारांनी जीभ टेकवली. चेहरा बावळट झाला. "गोड आहे!"

"आजोबांनी हेच सांगितलं होतं. तोंड गोड झालं. आपण सगळी मराठी माणसं. ऐकलं आणि समजलो, म्हातारा आनंदात आहे. तो बिचारा गोळीची चव सांगत होता."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे चहातल्या गोळ्या..."

"कप्प्यांत भरल्या. खऱ्या काढून टाकल्या. म्हणून तोंडाला पाणी सुटलं, गोळी नुसती गिळता आली. मग घाम, थरथर, आणि आज हे. भाचीने कप्प्यात होतं तेच दिलं, अगदी वेळेवर."

"चहाच्या गोळ्यांची डबी माझ्या बहिणीची होती!" मुलगा ओरडला.

"त्यांची असती करणी, तर संपलेली डबी त्यांनी माझ्यासमोर का आपटली असती? शिवाय त्यांना कार्यक्रम नकोच होता. वडिलांचं तोंड ओलं व्हायला हवं होतं ते एकट्या तुम्हाला. कुठली गोळी चुकली हे डॉक्टर कुणालाच बोलले नाहीत, पण तुम्ही मात्र बारीक पांढरी म्हणालात. वाढता आकडा कुणाला दिसू नये म्हणून मशीन घराबाहेर काढलंत. काल घाम फुटल्याचं कळूनही डॉक्टरांना फोन केला नाहीत. बोला, कुठल्या दुकानात दिलंय दुरुस्तीला?"

 मुलाला एकदम हुंदका आला. "रविवारपर्यंतच! नंतर खऱ्या गोळ्या सुरू करणार होतो. त्यांना पुन्हा एकदा वाजवताना ऐकायचं होतं मला."

"आणि कोसळल्यावर?" मास्तर गरजले. कवायतीच्या मैदानावरचा आवाज त्या छोट्या खोलीत मावेना. "कोसळल्यावर माझ्या पोरीकडे बोट का दाखवलंस?"

 बहिणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घेऊन जा याला," ती फौजदारांना म्हणाली, आणि बापाच्या उशीवर हात ठेवून उभी राहिली.

चौकीवर फौजदारांनी भाचीपुढे कागद सरकवला. "गैरसमज झाला. सही करा आणि जा. विसरून जा सगळं."

भाचीने पेन घेतलं नाही.

"मी विसरेन. चार मजले विसरतील? उद्या कोण माझ्या हाती आईबाप देईल?" तिचा आवाज चढला. "तुम्ही माझ्याबरोबर त्या इमारतीत यायचं. त्याच जिन्यात उभं राहायचं. आणि ज्या आवाजात मला गुन्हेगार ठरवलंत, त्याच आवाजात सांगायचं, की चूक तुमची होती."

"अहो, असं कुठे असतं का?"

"मग मी इथून हलत नाही."

ती पुन्हा बाकावर बसली. मास्तर तिच्याशेजारी जाऊन बसले. मग घारूताईही बसल्या, बाक जरा करकरलं. फौजदारांनी तिघांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि शेवटी खुंटीवरची टोपी काढली.

"चला," ते हळूच म्हणाले.

"मोठ्याने," भाची म्हणाली.